बाटलीवरच्या रेघा

माझ्या भाचीच्या हातून पेजेची वाटी पहिल्यांदा पडली तेव्हा मी तिच्यावर ओरडले, "हातात जीव नाही का तुझ्या?" आमच्याकडे कुणाच्याही हातून काहीही पडलं तरी हेच म्हणतात. तुळिंजच्या शाळेत गणित शिकवता शिकवता मी हे वाक्य किती पोरांच्या अंगावर फेकलं असेल, त्याला गणती नाही. दुसऱ्यांदा वाटी पडली तेव्हाही ओरडले. तिसऱ्यांदा मात्र माझं तोंड उघडायच्या आत पोरच बोलली. डावा हात उजव्या हाताने उचलून तिने माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आत्या, खरंच नाय जीव."

पाच मिनिटांनी हात पुन्हा हलायला लागला. ती अंगणात खेळायला पळाली आणि मी सांडलेली पेज पुसत बसले. लादी स्वच्छ झाल्यावरही बराच वेळ पुसत होते.

तेव्हा ती सात वर्षांची होती. माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. भाऊ, भावजय, ही पोर, आमचे बाबा आणि मी, असे पाच जण आम्ही वसईच्या खाडीकडेच्या आमच्या गावात एकाच घरात राहतो. मागे वाडी आहे, थोडी केळी, थोडी भाजी, चाफ्याची चार झाडं, आणि ती बाबा अजून स्वतः शिंपतात. पोरीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे हे आम्हाला माहीत होतं. वाढत्या वयात आपोआप बुजेल, वाट बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. ते बुजलं नाही. हाताचं सांगितल्यावर त्यांनी डोक्याची तपासणी करून घेतली आणि मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या नळ्या आतून अरुंद होत चालल्याचं निघालं. गरम पेज फुंकतानाच वाटी का पडायची, तेही तेव्हा समजलं. जोरजोरात फुंकलं, धापा टाकल्या किंवा हुंदके देऊन रडलं की या नळ्या आणखी आवळतात आणि मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त पुरत नाही. हे ऐकताना मी मनातल्या मनात मोजत होते, की या पोरीला मी आजवर किती वेळा ओरडून रडवलंय. मला स्वतःची लाज वाटली. अजून वाटते.

त्या दिवसापासून घरात एकच कायदा लागू झाला: हिला रडवायचं नाही. बोलायला सोपं आहे हो. सात वर्षांच्या पोरीला हा कायदा कळायला एक आठवडासुद्धा लागला नाही. "मी रडेन हां," एवढं म्हटलं की आम्ही चौघं धावत सुटायचो. तिला मांजर मिळालं, गच्चीवर झोपाळा मिळाला, पाढे पाठ करण्यातून कायमची सुटका मिळाली. पाचूबंदरहून मासळी घेऊन येणारी कोळीण माझ्याशी दर खेपेला कचाकचा भांडायची, तीही आमच्या अंगणात पाय टाकला की आवाज उतरवायची आणि कुजबुजत भाव सांगायची. कुजबुजत भांडता येत नाही, त्यामुळे त्या दिवसांत माझी फार कुचंबणा झाली. पेज थंड करूनच पानात यायची. फुगे बंद, शिट्टी बंद, वाढदिवसाला मेणबत्ती बंद. आणि मी, जिच्या आवाजाने शाळेचा अख्खा मजला गप्प होतो, ती मी दिवसाकाठी वीस वेळा जीभ चावत होते.

पुढच्या वर्षी दुसरं संकट आलं. छिद्रामुळे फुप्फुसांवर ताण येऊ लागला होता आणि हृदयाचं ऑपरेशन आता पुढे ढकलण्यासारखं उरलं नव्हतं. पण त्या ऑपरेशनात हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवतात, आणि एवढ्या अरुंद नळ्यांतून मेंदूला तेव्हा रक्त पुरेल की नाही, याची शाश्वती कुणी देईना. हृदय दुरुस्त होईल आणि पोर उठेल तेव्हा तिचा हात गेलेला असेल, किंवा बोलणं, अशी ती भीती होती. भावजयीने ती एकदाच बोलून दाखवली. "ताई, तिने मला ओळखलं नाही तर?" मी तिला जवळ घेतलं. 

मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी आम्हाला सगळ्यांना समोर बसवून समजावलं. बुटक्याशा, पन्नाशीच्या, घाई अजिबात नसलेल्या. म्हणाल्या, "हृदय मी दोन तास थांबवू शकते. मेंदू पाच मिनिटंसुद्धा थांबवता येत नाही. म्हणून ऑपरेशन हृदयाचं असलं तरी माझं सगळं लक्ष हिच्या डोक्याकडे असणार." मग त्यांनी काय काय करणार ते सांगितलं. रक्तदाब खाली उतरू द्यायचा नाही. श्वास यंत्रावर असला तरी भरभर चालू द्यायचा नाही. अंग थोडं थंड ठेवायचं. कपाळावर दोन्ही बाजूंना एकेक पट्टी चिकटवायची, म्हणजे मेंदूला किती ऑक्सिजन पोचतोय ते पडद्यावर सतत दिसत राहील. "आणि सगळ्यात आधी," त्या म्हणाल्या, "ही माझ्याकडे यायच्या आधी अंगात पाणी भरपूर असलं पाहिजे. दोन दिवस आधीपासून प्यायला घाला. रात्री आम्ही सलाईन लावू. साधं पाणी तर ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालेल. कोरडी मुलगी मला नको."

मी मान डोलावत होते, भाऊ मोबाइलवर लिहून घेत होता. बाबा माझ्या शेजारी बसले होते. चौथी शिकलेला माणूस. त्यांना काही उमगत नसेल असं मला वाटलं. तेवढ्यात ते म्हणाले, "म्हंजे शेवटच्या वाफ्याची गोष्ट हाय ना ही? पाट बारीक झाला, की शेवटच्या वाफ्याला पानी पोचवायला वरून पाट भरूनच सोडायला लागते. वरती जरा कमी झाला की पयला तोच वाफा सुकतो."

डॉक्टरबाई त्यांच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आजोबा, अगदी हेच. मी उद्यापासून सगळ्यांना असंच सांगणार." बाबा खूश होऊन घरी आले आणि त्यांनी ही गोष्ट गावभर केली.

पाण्याचं खातं मी माझ्याकडे घेतलं. गणिताची बाई असल्यावर दुसरं कोण घेणार? पोरीसाठी पारदर्शक बाटली आणली, तिच्यावर काळ्या मार्करने रेघा मारल्या, प्रत्येक रेघेपुढे तास लिहिला. नऊ वाजता इथपर्यंत, दहा वाजता इथपर्यंत. वर्गात लावावी अशी झाली होती बाटली. पहिला दिवस तिने रेघेबरहुकूम पाणी प्यायलं.

आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे दाखल व्हायच्या दिवशी, सकाळी मी ती गोष्ट केली.

आमच्या घरातल्या बायका संकटाला उपासाने तोंड देतात. मला लहानपणी टायफॉइड झाला तेव्हा माझ्या आईने तीन दिवस अन्नाला हात लावला नव्हता, आणि मी बरी झाले ती त्यामुळेच, असं ती मरेपर्यंत सांगायची. मी तिला हसायचे. पण त्या सकाळी देवापुढे उभी राहिले आणि हातात करण्यासारखं काहीच नाही असं वाटलं. सगळं डॉक्टर करणार, यंत्र करणार. मी काय करणार? मी हात जोडले आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी पोर बरी होऊन बाहेर येईस्तोवर मी पाण्याचा थेंब घेणार नाही." भावजयीचे डोळे भरून आले. मला फार बरं वाटलं. आपण काहीतरी मोठं केलं असं वाटलं. पोर दारात उभी राहून बघत होती.

तिने विचारलं, "पाणी नाय पिलं की मी बरी होणार?"

आणि मी म्हणाले, "हो गं राणी."

हे मी म्हणाले. दुसऱ्या कुणी नाही.

ऊन रणरणत होतं. दुपारी भावाने गाडी काढली. भावजय मागे पोरीशेजारी बसून डोळे मिटून जप करत होती. चिंचोटीच्या आसपास महामार्गावर अशी कोंडी होती की तासभर गाड्या जागच्या हलेनात. मी मागे वळून विचारायचे, "प्यायलीस का?" ती बाटली वर करून दाखवायची. पाणी बरोबर रेघेपर्यंत खाली गेलेलं असायचं, एक सुतभरही इकडे-तिकडे नाही. माझा घसा सुकला होता, जीभ टाळूला चिकटत होती, आणि मला स्वतःचाही अभिमान वाटत होता आणि तिचाही. किती शहाणी पोर आहे, मी भावाला म्हणाले.

संध्याकाळी वॉर्डात नर्स तिला सलाईन लावायला आली. शीर सापडेना. एक हात झाला, दुसरा झाला. पोर ओठ दाबून बसली होती, रडायचं नाही हे तिला पक्कं माहीत होतं. पण तिसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा तिचा बांध फुटला. हुंदक्यावर हुंदके. आणि आमच्या डोळ्यांसमोर तिचा डावा हात गादीवर पडला, तोंडाची एक बाजू किंचित उतरली, ती "आई" म्हणायला गेली ते नुसतंच "आ" आलं.

डॉक्टरबाई धावत आल्या. तिला आडवं केलं, ऑक्सिजन लावला, मानेजवळच्या शिरेतून कशीबशी सुई घालून सलाईन सुरू केलं. काही मिनिटांत तोंड सरळ झालं. हात यायला त्याहून जास्त वेळ लागला. मग त्यांनी तिची जीभ बघितली, चिमटीत कातडी धरून बघितली आणि आमच्याकडे वळून विचारलं, "ही दिवसभर किती पाणी प्यायली?"

मी बाटली पुढे केली. रिकामी, शेवटच्या रेघेपर्यंत. माझ्या त्या आखीव रेघांवर मी इतकी फुशारून गेले होते की एका गोष्टीचा मला पत्ताच नव्हता: बाटली रिकामी होताना मी पाहिली होती, पोरीला पिताना मात्र त्या दिवशी एकदाही पाहिलं नव्हतं.

"मी चाफ्याला घातलं," गादीवरून बारीक आवाज आला. "आणि मग गाडीच्या खिडकीतून. आत्यापन नाय पीत ना. मी पिली असती तर आत्याचा उपास फुकट गेला असता."

भाऊ भिंतीकडे बघत राहिला. भावजयीने पदर तोंडात कोंबला. आरडाओरडा झाला असता तर मला सोपं गेलं असतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल पेनाने दाखवत आले, आणि माझी सगळ्यात मोठी चूक समोर गादीवर सलाईन लावून पडली होती.

डॉक्टरबाईंनी बाहेर जाऊन पेलाभर पाणी आणलं आणि माझ्या हातात दिलं. "प्या," त्या म्हणाल्या. "तिच्यासमोर प्या. तिला मी शंभरदा सांगितलं तरी ती ऐकणार नाही. तिने शपथ तुमच्यासोबत घेतलीय."

तो पेला उचलणं मला जड गेलं, हे खोटं कशाला सांगू? सकाळी देवापुढे दिलेला शब्द संध्याकाळी मोडायचा, आणि तोही पोर अशी पडलेली असताना. मोडल्याने काही वाईट झालं तर? अशी भीती मला वाटत होती, मला, सिद्धता मागितल्याशिवाय साधं प्रमेयही न मानणाऱ्या बाईला. मी बाबांना फोन लावला. ते घरी वाडी बघायला मागे राहिले होते. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाय, वरचा पाट तूच हायस. तू कोरडी रायलीस तर पोरीला कुठून येनार पानी? पी गुमान."

मी प्यायले. घटाघटा, सगळा पेला. पोर डोळे मोठे करून बघत होती. मग तिनेही मागितलं. तो पहिला पेला आम्ही दोघींनी मिळून संपवला. त्यानंतर एक माझा, एक तिचा.

पुन्हा डोक्याची तपासणी झाली. मेंदूला नवी इजा झालेली नव्हती. मी वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून ढसाढसा रडले. ऑपरेशन चार दिवस पुढे गेलं. ते चार दिवस आम्ही नुसतं पाणी प्यायलो, ती आणि मी, समोरासमोर बसून. डॉक्टरबाई रोज येऊन तिच्याशी गप्पा मारायच्या. कपाळावरच्या पट्ट्या त्यांनी तिच्या हातात दिल्या. "मला दोन टिकल्या लावणार आहेत, एक नाय," ती सगळ्या वॉर्डाला सांगत सुटली. भूल द्यायच्या आधी तिला गोड औषध पाजायचं आणि आईच्या मांडीवरच झोपवायचं, रडायची वेळच येऊ द्यायची नाही, असं ठरलं.

आदल्या दिवशी दुपारी तिने माझी पाण्याची बाटली मागितली. माझ्या पिशवीतला मार्कर काढला आणि बाटलीवर रेघा मारायला बसली. वेड्यावाकड्या, एक जाड, एक बारीक, एक तर पार तिरपी. आठ रेघा. "मी आत गेले की दर तासाला तू हितपर्यंत प्यायचं," तिने मला बजावलं. "फेकायचं नाय. आई बघणार तुझ्याकडे."

ऑपरेशनच्या दिवशी ती आईच्या मांडीवर पेंगत आत गेली, रडली नाही. भाऊ येरझाऱ्या घालत होता. बाबा वसईहून आले होते, ते डोळे मिटून बसून राहिले. मी दर तासाला बाटली काढायचे आणि रेघेपर्यंत प्यायचे. भावजय खरोखरच माझ्याकडे बघत असायची. एरवी मी चिडले असते. पण त्या दिवशी तिच्या त्या बघण्याचाच मला आधार वाटला.

मी सातव्या रेघेला पोचले तेव्हा डॉक्टरबाई बाहेर आल्या. टोपीमुळे कपाळावर वळ उठला होता. म्हणाल्या, "छिद्र बंद झालंय. हृदय चांगलं चाललंय. डोक्याचे आकडे शेवटपर्यंत एकदाही खाली गेले नाहीत. पण खरं काय ते ती जागी झाल्यावरच कळेल." बाबांनी त्यांचे हात हातात घेतले. मी आठव्या रेघेपर्यंत प्यायले. तळाशी दोन घोट उरले होते, ते मात्र प्यायले नाही. का, ते मला सांगता येत नव्हतं. आता येतं. देवाला दिलेल्या शब्दातलं तेवढं मी गुपचूप शिल्लक ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या तोंडातली नळी काढली आणि आम्हाला आत बोलावलं. दोघांनाच परवानगी होती. भाऊ म्हणाला, "तू जा, मला नाही बघवणार." पिशवी बाहेर ठेवायला सांगितली, बाटली माझ्या हातातच राहिली, मला भानही नव्हतं. पोर नळ्यांमध्ये केवढीशी दिसत होती. डोळे उघडे होते. भावजय तिच्या जवळ वाकली. पोर तिच्याकडे बघत राहिली आणि मग घोगऱ्या आवाजात "आई" म्हणाली. अख्खा शब्द. भावजयीने पलंगाचा कठडा घट्ट धरला.

"शाब्बास," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता डावा हात वर कर बघू."

हात हलला नाही. डॉक्टरबाईंनी पुन्हा सांगितलं. पोरीचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, माझ्या तोंडाकडेही नाही, त्याच्या खाली कुठेतरी. कपाळाला आठ्या पडल्या होत्या. माझ्या मनात सगळं येऊन गेलं: पेजेची वाटी, माझा आवाज, ते वाक्य. हातात जीव नाही का तुझ्या.

मग तिचा डावा हात चादरीवरून उचलला गेला. हळूहळू, पण वर आला, आणि त्याचं एक बोट माझ्या हातातल्या बाटलीच्या तळाकडे रोखलं गेलं.

"आत्या," ती म्हणाली, "ते राहिलंय."

मी झाकण काढलं आणि ते दोन घोट तिच्यासमोर प्यायले.